बुटातून बाहेर पडणारे लाकडी पाऊल

शाळेतून घरी आलात, की दप्तर एका कोपऱ्यात आणि बूट दुसऱ्या कोपऱ्यात जातात. आज बूट काढताना जरा थांबा आणि एक प्रयोग करा. नाड्या न सोडता, बोटे न हलवता आणि पाऊल फळीसारखे ताठ ठेवून बूट काढायचा प्रयत्न करा. फार जोर मात्र लावू नका, टाचेमागची शिवण उसवली तर घरी बोलणी बसतील! बूट निघत नाही. टाच वर येऊ लागते, पण बुटाच्या तोंडाशी अडते.

असे का होते, हे पाहण्यासाठी बूट जमिनीवर ठेवून त्याची टाच भिंतीला टेकवा. टाचेच्या मागचा भाग भिंतीला सगळीकडे सारखा चिकटत नाही. खालून दोन-अडीच सेंटिमीटर उंचीवर तो फुगीर असतो, तेथे भिंतीला टेकतो. तेथून वर मात्र तो पुढे झुकतो आणि तोंडाच्या काठाशी भिंत व बूट यांत काही मिलिमीटरांची फट दिसते. म्हणजे बूट आतून जितका लांब आहे, त्याहून त्याचे तोंड आखूड आहे. तसे ते असायलाच हवे. नाहीतर चालताना बूट पायात राहणार नाही, पावलागणिक टाच बाहेर येईल.

तरीही आपले पाऊल रोज त्यातून ये-जा करते. कारण त्यात २६ हाडे आहेत, त्यांच्यामध्ये सांधे आहेत आणि टाचेखाली दबणारा मऊ भाग आहे. पाऊल थोडे वाकते, थोडे चेपते आणि बाहेर सरकते.

आता सांधा नसलेले, जराही न चेपणारे लाकडी पाऊल डोळ्यांसमोर आणा. ते बुटात आहे. आणि बूट त्याच्याभोवतीच, अगदी घट्ट ताणून बनवलेला आहे. ते बाहेर कसे काढायचे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. बूट बनवणाऱ्या प्रत्येकापुढे तो रोज असतो. या लाकडी पावलाला कारागीर ‘फर्मा’ म्हणतात. ‘कलबूत’ हा जुना शब्दही तुम्ही ऐकला असेल. (छापखान्यातही ‘फर्मा’ असतो, पण तो निराळा.) कोल्हापुरी वहाणेला अशा फर्म्याची अडचण येत नाही, कारण ती पावलाला चारी बाजूंनी कोंडत नाही. बुटाचे तसे नाही. कातडे रापीने कापून, शिवून त्याचा वरचा भाग तयार करतात. त्याला ‘अप्पर’ म्हणतात. मग फर्म्याच्या तळाला आतला तळ ठोकून बसवतात, अप्पर फर्म्यावर चढवतात आणि त्याच्या कडा पकडीने ओढून, तळावर दुमडून बारीक चुकांनी पक्क्या करतात. ओलसर कातडे ताणले जाते आणि फर्म्यावरच वाळते. वाळताना ते फर्म्याचा आकार धरते. म्हणूनच घाईने फर्मा काढला, तर बूट चिंबतो.

फर्मा म्हणजे पावलाची हुबेहूब प्रतिकृती असेल असे वाटते, पण तसे नाही. त्याला बोटे नसतात, कडा रेखीव असतात, पुढचे टोक जमिनीपासून किंचित उचललेले असते आणि लांबी पावलापेक्षा थोडी जास्त असते, म्हणजे चालताना बोटांना जागा राहते. बुटाचा नंबरही फर्म्यावर ठरतो. इंग्रजी पद्धतीत एका नंबराने लांबी एक तृतीयांश इंचाने, म्हणजे ८.४७ मिलिमीटरने वाढते. फ्रेंच पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटरने, म्हणजे ६.६७ मिलिमीटरने. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

डावा आणि उजवा असे वेगळे फर्मे असणारच, असे आपण धरून चालतो. पण युरोपात साधारण १६०० ते १८०० या काळात दोन्ही पायांना एकाच सरळ फर्म्यावरचे बूट घालत. डावा-उजवा फरक पुन्हा रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात. एखादी गोष्ट आज उघड दिसते म्हणून ती नेहमीच उघड होती असे नाही.

जबरदस्तीने फर्मा उपटला, तर टाचेमागचे ताठ कवच दुमडते, तोंडाची शिवण सुटते, ताणलेला काठ सैल पडतो. दिवसभराचे काम शेवटच्या मिनिटाला वाया जाते. यावर जुन्या कारागिरांनी दोन युक्त्या काढल्या. एक म्हणजे पाचर. फर्मा पुढचा आणि मागचा अशा दोन तुकड्यांत करायचा, मध्ये लाकडी पाचर ठोकून कातडे ताणायचे. काम झाले की आधी पाचर ओढायची. जागा होते आणि दोन्ही तुकडे एकामागून एक निघतात. आपल्याकडच्या मोजड्या बनवणाऱ्यांचे फर्मे अशा धर्तीचे असतात. दुसरी युक्ती म्हणजे पावलाच्या वरच्या चढाचा एक तुकडा वेगळा कापून ठेवायचा. तो आधी वर काढला, की आत मोकळीक मिळते आणि उरलेला फर्मा तिरका करून काढता येतो. हाताने मोजके बूट करणाऱ्याला या दोन्ही पद्धती उत्तम आहेत. माझ्या मते आजही त्यांत कमीपणा काही नाही. पण सुट्या तुकड्यांचा एक दोष असतो. ते हरवतात, आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला नेमका बसत नाही.

कारखान्यात हा दोष महाग पडतो. पाच ते अकरा नंबर, मध्ये अर्धे नंबर, म्हणजे तेरा मापे. डावा आणि उजवा मिळून एका घाटाचे २६ फर्मे. बूट वाळेपर्यंत फर्मा अडकून राहतो, म्हणून प्रत्येक मापाचे अनेक जोड लागतात. एवढ्या ढिगात सुटे तुकडे सांभाळणार कोण?

हा ढीग वाढवण्याचे मोठे श्रेय एका तरुणाला जाते. यान अर्न्स्ट मात्सेलिगर हे त्याचे नाव. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये १८५२ साली त्याचा जन्म झाला. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या बुटांच्या गावी कामाला आला. तेव्हा कापणे, शिवणे यासाठी यंत्रे आली होती, पण अप्पर फर्म्यावर ताणून ठोकण्याचे काम हातानेच होई. कुशल कारागीर दिवसाला सुमारे ५० जोड करी. हाताची ती ओढ यंत्राला जमणार नाही, असे सगळे म्हणत. मात्सेलिगरने हातांच्या हालचाली निरखल्या, फुटक्या-तुटक्या सामानातून नमुने बनवले आणि २० मार्च १८८३ रोजी त्याला आपल्या यंत्राचे पेटंट मिळाले. ते यंत्र दिवसाला १५० ते ७०० जोड करू लागले. बूट स्वस्त झाले. मात्सेलिगर मात्र १८८९ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी क्षयाने गेला.

दिवसाला शेकडो जोड फर्म्यावर चढत असतील, तर तितकेच फर्मे भराभर उतरलेही पाहिजेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बिजागरीच्या फर्म्यांची पेटंटे निघू लागली ती याच काळात. कल्पना सोपी होती. पावलाला सांधे आहेत, मग लाकडालाही एक सांधा देऊ या.

पण तो कोठे द्यायचा? खरी मेख येथे आहे.

कागदावर बुटाची बाजूने आकृती काढा, टाच उजवीकडे. चवडा आणि टाच यांच्या मध्ये, कमरेसारख्या बारीक भागात फर्मा उभा कापला आहे आणि दोन्ही भाग एका आडव्या खिळीने जोडले आहेत. खिळीच्या वर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच आहे. खाच मिटवली, म्हणजे टाचेचा भाग खिळीभोवती फिरतो आणि टाच वर उचलली जाते. खाचेचा कोन १५ अंश धरू. टाचेचे सर्वांत फुगीर टोक खिळीच्या मागे ८० मिलिमीटरवर आणि खिळीपेक्षा २० मिलिमीटर उंच आहे असे माना. दहावीच्या त्रिकोणमितीत कोज्या आणि ज्या येतात, त्या येथे कामाला लावा. फिरल्यावर ते टोक खिळीच्या मागे किती अंतरावर असेल?

८० ला १५ अंशांच्या कोज्येने, म्हणजे ०.९६६ ने गुणले, तर ७७.३ मिळतात. टोक खिळीच्या वर आहे, म्हणून फिरताना ते पुढेही झुकते; त्यासाठी २० गुणिले ०.२५९, म्हणजे ५.२ वजा करा. उरले ७२.१. फर्मा ७.९ मिलिमीटरने आखूड झाला! इंग्रजी मापाचा एक नंबर ८.४७ मिलिमीटरचा असतो, हे आठवा. म्हणजे सात नंबरचा फर्मा क्षणभर जवळजवळ सहा नंबरचा होतो आणि अलगद निघतो.

आता खिळ वर सरकवा. इतकी, की टाचेचे टोक तिच्या खाली २० मिलिमीटर येईल. बाकी सारे तसेच. ७७.३ मधून ५.२ वजा करण्याऐवजी आता ते मिळवावे लागतात, कारण खिळीखालचा बिंदू फिरताना मागे जातो. उत्तर ८२.५. फर्मा आखूड होण्याऐवजी अडीच मिलिमीटरने लांब झाला! तो वाकवू लागताच बूट आतून फाकतो, टाचेच्या कवचाला तडा जातो. दोन्ही फर्मे फळीवर शेजारी ठेवले, तर सारखे दिसतील. फरक फक्त एका भोकाच्या जागेचा.

मग खिळ अगदी तळाशीच का घालू नये? कारण तिच्याखाली पुरेसे लाकूड नसेल, तर ठोकाठोकीत तेथेच फर्मा फुटेल. म्हणून शक्य तितकी खाली, पण खाली भक्कम भाग राखून, अशी जागा शोधावी लागते. उंच टाचेच्या बुटांच्या फर्म्यात मुळातच टाच वर असते, तेव्हा हे गणित जरा सोपे जाते.

एवढ्यावर काम संपत नाही. ताणलेले कातडे टाचेला पुढे आणि टोकाला मागे ओढत असते. ही ओढ खिळीच्या वरून जाते, म्हणून ती खाच मिटवायलाच पाहते. सांधा सैल असेल, तर बूट तयार होण्यापूर्वीच फर्मा वाकेल. नको तेव्हा ताठ आणि हवा तेव्हा वाकणारा सांधा हवा. यासाठी आत एक मजबूत स्प्रिंग बसवतात. फर्मा सरळ असताना ती दोन्ही भागांना सरळच ओढून धरते आणि खिळीखालच्या दोन सपाट बाजू एकमेकींना टेकून राहतात. जोराने वाकवले, तर एका ठरावीक बिंदूपर्यंत स्प्रिंग विरोध करते. तो बिंदू ओलांडला, की तीच स्प्रिंग फर्म्याला वाकलेल्या स्थितीकडे ओढते. विजेच्या बटणातली ‘खट्’ आणि ही ‘खट्’ एकाच जातीची. मधल्या स्थितीत दोन्ही थांबत नाहीत.

फर्म्याच्या माथ्यावर, टाचेच्या बाजूला, धातूची नळी बसवलेले एक भोक असते. बूट तयार झाला, की तो उलटा करून हे भोक एका उभ्या लोखंडी दांड्यावर अडकवतात आणि बुटाच्या टोकाकडून खाली दाब देतात. लांब बूट येथे तरफेसारखा कामाला येतो. खट् असा आवाज होतो, फर्मा वाकतो, बुटाची टाच सुटते. पुढचा भाग मग नुसता ओढला तरी येतो.

लाकडी फर्म्यांना बीच, मेपल अशी कठीण, घट्ट रेषांची लाकडे वापरत आणि आजही काही ठिकाणी वापरतात. पण लाकूड ओल पिते आणि फुगते, खिळीचे भोक झिजून रुंदावते. भोक रुंदावले, की डावा आणि उजवा बूट एकमेकांशी जुळेनासे होतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांनी दाट पॉलिथिलीनचे फर्मे स्वीकारले. ते पाण्याने फुगत नाहीत, आणि जुने झाले की वितळवून नवे करता येतात. वेडेवाकडे आकार कापण्याचे यंत्र मात्र जुनेच म्हणायचे. थॉमस ब्लँचर्ड या अमेरिकन माणसाने १८१९ च्या सुमारास बंदुकीच्या दस्त्यांसाठी अशी लेथ केली, की एका नमुन्यावर चाक फिरावे आणि त्याच रेषेने शेजारचे लाकूड कापले जावे. पुढे त्यावर फर्मेही कातले जाऊ लागले. आता नमुन्याची जागा संगणकातल्या आकड्यांनी घेतली आहे. तरी खिळ कोठे मारायची, हे त्या आकड्यांतही कोणीतरी ठरवावेच लागते.

तुम्हीही ठरवून पाहा. जाड पुठ्ठ्यावर आपला बूट आडवा ठेवून बाजूने त्याची आकृती आखा आणि कापा. हा झाला फर्मा. दुसऱ्या पुठ्ठ्यात तोच आकार पोकळ कापा, आणि वर बुटाच्या तोंडाएवढी वाट ठेवा. फर्मा कमरेशी कापून दोन्ही भागांमागे पुठ्ठ्याची एक-एक पट्टी चिकटवा, पट्ट्या एकमेकींवर येऊ द्या आणि त्यांतून टाचणी आरपार घाला. टाचणीच्या वर खाच कापायला विसरू नका. प्रथम टाचणी तळापासून एक सेंटिमीटरवर ठेवा, मग दोन, मग तीन, मग चार. दर वेळी खाच मिटवा, टाचेपासून पुढच्या टोकापर्यंतची लांबी पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. कोणत्या उंचीला लांबी कमी व्हायची थांबते आणि वाढू लागते, ते तुमच्या बुटाच्या टाचेवर अवलंबून आहे. वर्गातल्या दोघांचे उत्तर बहुधा एकच येणार नाही.