धातुशोधक यंत्राचें मौन
हातांतील धातुशोधक यंत्र मुकें राहिलें म्हणून ‘येथें कांहीं नाहीं’ अशी नोंद करण्यापूर्वीं संशोधकानें बॅटरी तपासावी. ती क्षीण असतां यंत्रास खोलवरचें उमगत नाहीं. आंजी (मोठी) येथें आम्ही पिशवींतला ढब्बू पैसा चार बोटांवर धरून आरंभीं व शेवटीं परीक्षा करितों. शेवटीं नाद मंदावला तर मधल्या नोंदी बाद! ९ व्होल्टच्या साध्या बॅटरींत १·५ व्होल्टचे ६ घट असतात. पुनर्भरणाचे ६ निकेल-घट मात्र सुमारें ७·२ व्होल्टच देतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. काम संपतांच बॅटरी काढावी. वैशाखाच्या उन्हांत तर मुळींच ठेवूं नये. अल्कलाइन बॅटरी पाझरून टोकांवर जमणारी पांढरी पूड दाहक असते. ती नखानें न खरवडतां लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून टोकें कोरडीं पुसावीं, आणि मगच नवी बॅटरी घालावी.