शिदोरीतला वाटा

पुण्याच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्या पहाटेच लागतात. रात्रभर प्रवास करून आलेला शेतकरी गोणीला पाठ टेकून बसतो आणि सौदे सुरू व्हायच्या आत फडक्याची गाठ सोडतो. ज्वारीची भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. शेजारी कोणी असेल तर भाकरी मोडून न विचारता पुढे करतो.

अशा एका पहाटे नगरकडचे एक वयस्क पाळकसाहेब माझ्याबरोबर होते. चतकोर पुढे आली तशी मी सवयीने म्हणालो, "नको नको, तुम्ही खा." पाळकसाहेबांनी मात्र दोन्ही हात पुढे केले. "सलाम दादा. ठेचा जरा जास्त घाला." शेतकरी सरकला, गोणीवर त्यांना जागा झाली. मी उभाच राहिलो.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या 'नको'त नम्रता कमी होती. ख्रिस्ती सेवक म्हटला की तो द्यायला आलेला: उपदेश, औषध, मदत. नेहमी देणारा माणूस नकळत वरच्या पायरीवर उभा राहतो. समोरच्याची भाकरी घेतली की खाली उतरावं लागतं.

येशूने शिष्यांना दोघेदोघे करून गावोगाव पाठवलं, तेव्हाची सूचना लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात आहे. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात घेतील तिथेच राहा, पुढ्यात येईल ते खा, घरं बदलू नका. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. पहिलं घर गरिबाचं असेल, दुसऱ्या दिवशी वाड्यातून बोलावणं येईल. पण पाहुणा उठून तिकडे गेला तर पहिल्या चुलीचा अपमान होतो. 'डिडाखे' ही अगदी आरंभीच्या मंडळीची लहानशी नियमपुस्तिका १८८३ मध्ये प्रथम छापली गेली. तिने पाहुण्यालाही वेसण घातली आहे: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी, पैसे मागू नयेत.

महाराष्ट्रात घेण्याची ही गोष्ट जातीपाशी येऊन अडते. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९३ मध्ये राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यांनी तो घेतला. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट याहून अवघड. बाप्तिस्म्यानंतर दुरावलेल्या नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवला होता. जात देवाने नव्हे, माणसाने केली, असं मनाशी ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचं खायची-प्यायची तयारी केली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना मला तर त्यांचं खरं धर्मांतर त्या परक्या हातच्या पाण्यापाशीच झालेलं दिसतं. टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून संन्याशाची वाट धरली.

इंग्रज मिशनऱ्यांना हे उशिरा उमगलं. बंगला त्यांचा, खुर्ची त्यांची. यजमान कायम तेच. त्यांच्यातल्याच जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तो पुढे पुण्यात आला. तिथे गोरे बंधू खादी नेसून, जमिनीवर मांडी घालून इथलं जेवण जेवत. दुसऱ्याच्या रीतीने त्याच्या पंगतीला बसणं हाही पाहुणचार स्वीकारणंच.

खेड्यात पाळक येणार म्हटलं की कोंबडी कापली जाते, साखर शेजारून उसनी येते. जाणता पाहुणा आधीच निरोप धाडतो: "मावशी, पिठलं-भाकरीच करा, बऱ्याच दिवसांत खाल्ली नाही." मधुमेह असेल तर चहा टाकण्यापूर्वी सांगावं आणि पाणी मागून घ्यावं, केलेला चहा तसाच ठेवून उठू नये. आपल्या घरांत जेवणाबद्दल 'धन्यवाद' म्हटलं तर परकं वाटतं. "अजून अर्धी वाढा" हेच ऐकायला करणारी उभी असते. पाकीट काढणं तर नकोच. फार वाटलं तर घरातल्या लेकरांची नावं विचारून घ्यावीत आणि प्रार्थनेत ती नावानिशी घ्यावीत.

पाळकसाहेबांनी त्या पहाटे तेच केलं. थोरलीचं लग्न ठरत होतं, धाकटा बारावीला होता. भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी ठेच्यावरून फिरवून खाल्ला, फडकं स्वतः झटकलं. निघताना शेतकऱ्याने पिशवीत दोनेक किलो कांदे भरून दिले. भाव पडलेला होता, हे त्यांना मघाशीच कळलं होतं. तरी त्यांनी पिशवी घेतली, वावर कुठल्या ओढ्याकडेला आहे ते विचारलं.

स्वारगेटकडे चालताना मी म्हटलं, "आणा, पिशवी मी धरतो." त्यांनी ती लगेच माझ्या हातात दिली.