सोडले, सोडले!

प्रकृतीसाठी नोकरी सोडली, हे सांगताना आपल्याकडे माणूस चोरासारखा बोलतो. पनवेलहून पहाटेची लोकल धरून वीस वर्षे मुंबईची कचेरी गाठणाऱ्या आमच्या एका शेजाऱ्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून यंदा राजीनामा दिला. आळीत चर्चा कसली, तर "पेन्शन किती बुडाली?" हृदयाची चौकशी कोणी केली नाही!

अशा वेळी मला विनोबा आठवतात. ते आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातले, गागोद्याचे. १९३८ साली वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांची प्रकृती पार ढासळली. वजन उरले ८८ पौंड, म्हणजे जेमतेम ४० किलो. गांधीजींनी थंड हवेचे ठिकाण सुचवले. हे गेले जवळच्याच पवनारला, जमनालाल बजाजांच्या बंगल्यात! मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा साऱ्या कामांचा भार आपण सोडला, सोडला, सोडला, असे तीनदा म्हणून ते मोकळे झाले. आणि खरोखरच मोकळे झाले. (नाहीतर आम्ही! रजेवर गेलो तरी कचेरी खिशातल्या फोनात.)

विनोबांना संसार नव्हता, घराचा हप्ता नव्हता, हे कबूल. शेजारच्या वहिनी आता शिकवण्या घेतात, तो हिशेब निराळा आहे. पण पवनारला विनोबा नुसते पडून राहिले नाहीत. रोज थोडे खणायचे. प्रथम पाचच मिनिटे, मग हळूहळू वाढवत. वजन १२८ पौंडांवर गेले. भूदानाची पदयात्रा त्यानंतरची, १९५१ मधली. तेव्हा वय पंचावन्न! आणि पवनारच्या त्या खणण्यातच भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प सापडले.