बेरीज नव्हे, पट!

दिवाळी आठवड्यावर आली की चकलीच्या भाजणीची मापं निघतात. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, असा हिशेब अनेक घरांत ठरलेला असतो. पाहुणे वाढले आणि तांदूळ आठ वाट्या घेतले, की डाळी आपोआप चार आणि दोन होतात. चार वाट्या तांदूळ वाढले म्हणून डाळीही चार-चार वाट्यांनी वाढवल्या, तर 8 : 6 : 5 असं भलतंच मिश्रण तयार होईल. स्वयंपाकघरात ही चूक सहसा कुणी करत नाही. सहावीच्या वर्गात मात्र ती हमखास होते.

अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी 1970च्या सुमारास मुलांना एक कोडं घातलं. बुटक्या माणसाच्या चित्राची उंची चार बटणं, उंच माणसाची सहा. तोच बुटका पेपरक्लिपांनी मोजला तर सहा क्लिपा भरतो. मग उंच माणूस किती क्लिपांचा? बरोबर उत्तर नऊ. पण अनेक मुलांनी आठ सांगितलं. ‘बटणं दोन जास्त, मग क्लिपाही दोन जास्त,’ असा त्यांचा विचार.

हा विचार आळसातून येत नाही. पहिलीपासून ‘कितीने जास्त?’ हाच प्रश्न मुलांनी गिरवलेला असतो. ‘किती पट?’ हा प्रश्न उशिरा येतो आणि घाईत उरकला जातो. तिरपा गुणाकार शिकवला की उत्तरं जुळतात, गुणही मिळतात. पण गुणाकार का केला, हे मुलाला सांगता येत नाही.

यावर एक साधा उपाय कागद-कात्रीचा आहे. आपल्या राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची यांचं गुणोत्तर 3 : 2 असतं. सर्वांत मोठा प्रमाणित ध्वज 6300 × 4200 मिलिमीटरचा, सर्वांत छोटा 150 × 100 मिलिमीटरचा, गुणोत्तर तेच. आता मुलांनी साध्या कागदाचे 15 × 10, 30 × 20 आणि 25 × 20 सेंटिमीटरचे आयत कापावेत आणि लांब बाजू आडवी ठेवून डावा खालचा कोपरा जुळवत एकावर एक मांडावेत. पहिल्या दोघांचे कर्ण एकाच रेषेत येतात. तिसरा, दोन्ही बाजूंना दहा-दहा मिळवून केलेला, रेषा सोडतो. समान गुणोत्तर म्हणजे काय, हे इथे डोळ्यांना दिसतं.

त्यानंतर तक्ता आणि एकमान पद्धत. पाच वह्या 120 रुपयांना, तर एक 24ला आणि आठ 192ला. भास्कराचार्यांनी 1150मध्ये ‘लीलावती’त हेच त्रैराशिक मांडलं: प्रमाण (इथे पाच वह्या), फल (120 रुपये) आणि इच्छा (आठ वह्या). त्यांच्या एका उदाहरणात अडीच पल (वजनाचं जुनं माप) केशर 3/7 निष्काला (जुनं नाणं) मिळतं, तर नऊ निष्कांना किती, असं विचारलं आहे. उत्तर साडेबावन्न पल. गणित बाजारातून वहीत आलं, ते असं.

चुकीच्या गुणोत्तराची किंमत कधी तब्येतीला मोजावी लागते. जुलाब झाल्यावर घरी द्यायच्या जलसंजीवनीत एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ लागतं. अर्ध्या लिटरला तीन चमचे आणि पाव चमचा. इथे मीठ अंदाजाने वाढवणं बाळाला धोक्याचं ठरतं.

म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी यंदाच्या सुट्टीत एवढं करावं: भाजणीची वाटी मुलांच्या हाती द्यावी आणि ‘कितीने?’ऐवजी ‘किती पट?’ असं विचारावं.