फेन-प्लवन आणि ‘धातुक’ या संज्ञेची व्याप्ती

खनिजविज्ञानाच्या परिभाषेत ‘खनिज’ आणि ‘धातुक’ या दोन संज्ञा एकमेकींपासून वेगळ्या राखल्या जातात. निश्चित रासायनिक घटना आणि विशिष्ट स्फटिकरचना असलेला, निसर्गात आढळणारा पदार्थ म्हणजे खनिज. आणि ज्या खडकापासून धातू फायदेशीरपणे मिळविता येते, तो खडक म्हणजे धातुक. पहिली व्याख्या निसर्गाकडे पाहून केलेली आहे. दुसरी मनुष्याच्या सामर्थ्याकडे आणि गरजेकडे पाहून. गॅलेना, म्हणजे शिशाचे सल्फाइड, कोणी खणो अगर न खणो, खनिजच राहते. परंतु तेच गॅलेना अंगी बाळगणारा खडक धातुक आहे की नाही, याचे उत्तर काळानुसार बदलते. विसाव्या शतकात हे उत्तर ज्या प्रक्रियांमुळे मोठ्या प्रमाणावर बदलले, त्यांत फेन-प्लवनाचे स्थान अग्रभागी आहे. या प्रक्रियेचा उगम, तिचे तत्त्व आणि तिचे परिणाम यांचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. ब्रोकन हिल येथील अडचण

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या पश्चिम भागात ब्रोकन हिल येथे १८८३ साली चार्ल्स रॅस्प या कुरणावरील नोकराने एका टेकडीवर खाणपट्ट्याचा हक्क नोंदविला. टेकडीखाली चांदी, शिसे आणि जस्त यांचा प्रचंड साठा होता. वरचे थर हवापाण्याने विदारित झालेले असल्यामुळे त्यांतून चांदी व शिसे काढणे अवघड नव्हते. ते थर संपत आल्यावर मात्र खाली सल्फाइड खनिजे लागली. त्यांत शिशाचे गॅलेना व जस्ताचे स्फॅलेराइट ही दोन खनिजे निकट मिसळलेली होती, आणि त्यांच्या जोडीला ऱ्होडोनाइट व गार्नेट ही निरुपयोगी खनिजे होती.

धातुक दळून पाण्याच्या प्रवाहात किंवा हलत्या टेबलावर सोडायचे आणि जड कण हलक्या कणांपासून वेगळे करायचे, ही त्या काळची रूढ रीत. गॅलेनाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ७.५ असल्यामुळे ते या रीतीने वेगळे होई. स्फॅलेराइटचे विशिष्ट गुरुत्व मात्र सुमारे ४ आणि ऱ्होडोनाइटचे ३.५ ते ३.७, हे अंतर इतके अल्प, की पाण्याच्या प्रवाहाला त्यांतला भेद कळत नसे. परिणामी जस्त टाकाऊ गाळाबरोबर ढिगाऱ्यावर जाई. विसावे शतक उजाडले तेव्हा अशा गाळाचे लक्षावधी टनांचे ढीग तेथे साचले होते आणि त्यांत जस्ताचे प्रमाण शेकडा पंधरा-वीसपर्यंत होते. खनिज डोळ्यांपुढे होते. ते धातुक मात्र नव्हते.

२. वजनाऐवजी पृष्ठभाग

या अडचणीतून जी वाट निघाली ती कणांच्या वजनाचा नव्हे, तर त्यांच्या पृष्ठभागाचा आश्रय घेणारी होती. गारगोटीसारख्या खनिजाचा पृष्ठभाग पाण्याने सहज भिजतो. धातूंच्या सल्फाइडांचा पृष्ठभाग मात्र तेल चटकन धरतो, आणि तेल धरलेला पृष्ठभाग पाण्याला दूर सारतो. पाण्यात हवेचे बुडबुडे असतील तर असा न भिजणारा कण बुडबुड्याला चिकटतो व त्याच्याबरोबर वर येऊन फेसात अडकतो. भिजलेला कण खाली राहतो. या रीतीत पाण्याच्या साडेसातपट जड असलेले गॅलेना वर तरंगते आणि त्याहून कितीतरी हलकी गारगोटी तळाशी जाते. वर आलेला फेस काढून घेतला व वाळविला, की सांद्रित धातुक हाती येते.

तेल आणि सल्फाइड यांच्यातील ही ओढ ब्रोकन हिलपूर्वीच ध्यानात आलेली होती. शिकागोच्या कॅरी एव्हरसन यांनी तेल व अम्ल यांच्या साहाय्याने धातुक वेगळे करण्याच्या पद्धतीचे एकस्व १८८६ साली मिळविले होते. परंतु उद्योगात ती पद्धत रुजली नाही. ब्रोकन हिलच्या ढिगाऱ्यांसाठी १९०२ च्या सुमारास दोन पद्धती पुढे आल्या. एक मेलबर्न येथील मद्यनिर्माते चार्ल्स पॉटर यांची व दुसरी ब्रोकन हिल प्रोप्रायटरी कंपनीचे व्यवस्थापक गिओम डेलप्रा यांची. दोन्हींत गरम आम्लयुक्त द्रावणाची गाळातील कार्बोनेटांवर क्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइडचे बुडबुडे निघत व ते सल्फाइडाचे कण वर नेत.

यापुढचे पाऊल १९०५ साली पडले. लंडनमधील मिनरल्स सेपरेशन या कंपनीच्या वतीने सलमन, पिकार्ड व बॅलट यांनी असे दाखविले, की तेलाचे प्रमाण धातुकाच्या एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी ठेवले आणि लगदा जोराने घुसळून त्यात हवा मिसळली, तर टिकाऊ फेस तयार होतो व तोच खनिज वाहून नेतो. कण उचलण्याचे काम आता तेलाकडून हवेकडे आले. आजच्या फेन-प्लवनाचा पाया तो हाच.

३. आधी व्यवहार, मग उपपत्ती

ही प्रक्रिया चालते का, हे सिद्ध होण्यास वेळ लागला नाही. ती का चालते, हे मात्र बराच काळ कोणालाच नीट सांगता येत नव्हते. याची साक्ष न्यायालयीन इतिहासात सापडते. अमेरिकेत या एकस्वाच्या भंगाबद्दल जेम्स हाइड यांच्याविरुद्ध चाललेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९१६ मध्ये एकस्व ग्राह्य धरले. पण तेलाच्या टक्क्याच्या अंशाइतक्या अल्प प्रमाणापुरतेच. तेव्हा एका खाण कंपनीने मुद्दाम एक टक्क्याहून अधिक तेल वापरण्यास आरंभ केला आणि १९१९ साली वाद पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. प्रक्रियेचे स्वरूप उपपत्तीने निश्चित होत नव्हते, म्हणून ते तेलाच्या टक्केवारीने निश्चित करावे लागले.

दरम्यान कारखान्यांतील माणसे प्रयोगाने पुढे जातच होती. सगळी सल्फाइडे एकदम वर आणण्याऐवजी आधी शिसे व मग जस्त अशी निवड करण्याची रीत जेम्स लिस्टर यांनी १९१२ साली ब्रोकन हिल येथे बसविली. जस्ताचे स्फॅलेराइट तरंगण्यास नाखूष असते. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटाच्या, अल्प मात्रेने ते तरंगते, हे लेस्ली ब्रॅडफर्ड यांनी १९१३ च्या सुमारास दाखविले. कणाच्या पृष्ठभागावरील जस्ताची जागा तांबे घेते, हे त्याचे कारण होय. उलट सायनाइडाच्या योगाने स्फॅलेराइटाला व लोहाच्या सल्फाइडाला खाली दाबून ठेवता येते, हे १९२२ साली शेरिडन व ग्रिझवोल्ड यांच्या एकस्वाने स्पष्ट झाले.

खरी क्रांती कॉर्नेलियस केलर यांच्या १९२५ सालच्या एकस्वाने घडविली. त्यांनी तेलाच्या ठिकाणी झँथेट नावाची संयुगे वापरली. झँथेटे नवी नव्हती. डेन्मार्कच्या झाइझ यांनी ती १८२२ सालीच तयार केली होती. त्यांच्या रेणूचे एक टोक सल्फाइडाच्या पृष्ठभागाला घट्ट धरते, तर हायड्रोकार्बनाचे दुसरे टोक पाण्यापासून तोंड फिरविते. त्यामुळे टनभर धातुकामागे काही दशक ग्रॅम इतकी मात्रा पुरते. पुढे १९३० नंतरच्या दशकात मेलबर्न विद्यापीठात इयन वॉर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुडबुडा आणि खनिज यांमधील स्पर्शकोन मोजले. एकाच झँथेटाने लेपलेली भिन्न खनिजे जवळजवळ समान कोन दर्शवितात, असे त्यांना आढळले. म्हणजे बुडबुड्याला भेटतो तो खनिजाचा मूळ पृष्ठभाग नव्हेच. भेटते ती त्यावर चढविलेली झूल. प्लवनक्षमता हा खनिजाचा अंगभूत गुण नसून तो त्याला देता येतो व त्याच्यापासून काढूनही घेता येतो, हे यावरून स्पष्ट होते.

४. संज्ञेचा विस्तार व त्याची किंमत

याचा सर्वांत मोठा परिणाम तांब्याच्या बाबतीत दिसून आला. अमेरिकेतील युटा राज्यातील बिंगहॅम येथे सुमारे दोन टक्के तांबे असलेला खडक विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या प्रमाणावर खणावयास घेतला, तेव्हा अनेकांना ते धाडस वाटले होते. प्लवनाने सूक्ष्म कणही हाती येऊ लागल्यावर हीच मर्यादा खाली सरकत गेली, आणि आज अर्धा टक्का तांबे असलेला खडकही अनेक ठिकाणी धातुक गणला जातो.

तथापि अर्धा टक्का याचा दुसरा अर्थही ध्यानात घेणे अवश्य आहे. एक टन खडकातून पाच किलोग्रॅम तांबे मिळावयाचे, तर उरलेला जवळजवळ सर्व खडक पिठासारखा दळला जाऊन पाण्यासह बंधाऱ्याआड साठवावा लागतो. ब्रोकन हिलचे ढीग ज्या विद्येने सार्थकी लावले, तिनेच त्याहून कितीतरी मोठे गाळसाठे निर्माण केले. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅनडातील माउंट पॉली या तांबे-सोन्याच्या खाणीचा असा बंधारा फुटून सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ सरोवरांत शिरला. टाकाऊ म्हणून बाजूला सारलेली वस्तू हिशेबातून जाते, भूमीवरून जात नाही.

ही सीमा केवळ तंत्राने सरकते असेही नाही. गोव्यातील लोहधातुकाचे उदाहरण पाहावे. तेथे प्लवनाचा संबंध नव्हता. भारतीय खाण ब्यूरोने लोहधातुकाचे किमान प्रमाण २००९ साली ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणले, तेव्हा पूर्वी टाकाऊ ठरलेला पुष्कळसा माल एका अधिसूचनेने धातुकाच्या कक्षेत आला. खडक तोच राहिला. नाव बदलले, आणि नावाबरोबर मूल्य व मालकीचे प्रश्नही.

तात्पर्य, ‘धातुक’ ही संज्ञा पदार्थाचे वर्णन करीत नाही. पदार्थ, विद्या, बाजारभाव आणि नियम या चारांमधील संबंध ती व्यक्त करते. म्हणून एखाद्या देशात अमुक कोटी टन धातुक आहे असे विधान वाचताना ते कोणत्या वर्षीचे, कोणत्या प्रक्रियेला गृहीत धरून केलेले आणि उरणाऱ्या गाळाची कोणती व्यवस्था मानणारे आहे, हे अभ्यासकाने प्रथम विचारले पाहिजे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो आकडा अपुराच समजावा.