खिशातला कॅमेरा की गळ्यातला?

निवृत्तीनंतर हाताशी वेळ येतो, राहून गेलेल्या प्रवासांचे बेत ठरू लागतात आणि मग घरात एक प्रश्न हमखास निघतो : आता एक चांगला कॅमेरा घ्यावा का? मुले म्हणतात, "मोबाइल आहे ना!" त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची आकडेवारी पाहिली, तर २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले होते; २०२३ साली हा आकडा ऐंशी लाखांच्याही खाली उतरला. मोबाइलने साध्या कॅमेऱ्याची गरज जवळजवळ संपवली. तरीही पाणथळीतला दूरचा पक्षी, मंदिराच्या शिखरावरील कोरीव काम किंवा स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर मागच्या रांगेत उभे असलेले आपले नातवंड टिपायचे झाले, की मोबाइल थकतो.

अशा वेळी दुकानदार आपल्यासमोर दोन प्रकारचे कॅमेरे मांडतो. एक खिशात मावणारा 'कॉम्पॅक्ट' आणि दुसरा गळ्यात अडकवायचा, पुढे लांब भिंग असलेला 'ब्रिज' कॅमेरा. साधा कॅमेरा आणि भिंगे बदलता येणारा व्यावसायिक कॅमेरा यांच्यामधला पूल, म्हणून हे नाव. त्याचे भिंग काढता येत नाही. पण त्या एकाच भिंगात विस्तीर्ण देखाव्यापासून चंद्रापर्यंत सारे काही येते. बँकेत कर्जाचे प्रकरण हाती आले, की आम्ही रकमेआधी हेतू विचारीत असू. कॅमेऱ्याच्या बाबतीतही तोच क्रम योग्य ठरतो. मात्र हेतू ठरवण्यापूर्वी या दोन वस्तूंमध्ये खरा फरक कोणता आणि दिसण्यापुरता कोणता, हे समजून घेतले पाहिजे.

उदाहरणादाखल दोन प्रसिद्ध कॅमेरे घेऊ. निकॉन कंपनीचा 'कूलपिक्स पी९००' हा ब्रिज कॅमेरा २०१५ साली आला. त्याचे वजन ८९९ ग्रॅम आणि झूम ८३ पट. कॅनन कंपनीचा 'पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस' हा कॉम्पॅक्ट २०१८ साली आला. त्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, जाडी चार सेंटीमीटर आणि झूम ४० पट.

'पट' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. तो केवळ एक भागाकार आहे. भिंगाची सर्वांत लांबची पोहोच भागिले सर्वांत जवळची, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही कॅमेऱ्यांची सुरुवात छायाचित्रकारांच्या परिभाषेत २४ मिलिमीटरपासून होते. कॅननची पोहोच ९६० पर्यंत, तर निकॉनची २००० पर्यंत आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की पौर्णिमेचा चंद्र पहिल्यात चौकटीच्या उंचीचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतो, तर दुसऱ्यात सुमारे सत्तर टक्के. एकात चंद्र दिसतो, दुसऱ्यात त्यावरील विवरे मोजता येतात. हा फरक खराच आहे. 'डिजिटल झूम' नावाचा जो आणखी मोठा आकडा खोक्यावर छापलेला असतो, त्याकडे मात्र दुर्लक्ष करावे. त्यात चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो. नवा तपशील एकही मिळत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारी जी पट्टी असते, तिला सेन्सर म्हणतात. वरील दोन्ही कॅमेऱ्यांतील सेन्सर एकाच मापाचा आहे : साधारण सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. म्हणून चार माणसांचा दिवाणखान्यातला फोटो घ्यायचा असेल, तर तिप्पट वजनाचा कॅमेरा तिप्पट चांगला फोटो देणार नाही. दोघांच्या चित्रांत फारसा फरक दिसणार नाही. एकाची क्षमता सोळा मेगापिक्सेल आणि दुसऱ्याची वीस. दोन्हींतून भिंतीवर लावण्याजोगी मोठी प्रत सहज निघते. आपल्या अल्बमला तर याच्या निम्मीही क्षमता पुरे.

मग ब्रिज कॅमेरा एवढा अवजड का? त्याचे कारण काचेत आहे. जितके दूरचे पाहायचे, तितके भिंगाचे तोंड रुंद लागते. नाहीतर आत पुरेसा प्रकाशच शिरत नाही. पूर्ण झूमवर निकॉनच्या भिंगाचे प्रभावी तोंड सुमारे ५५ मिलिमीटरचे असते, तर कॅननचे सुमारे २५ मिलिमीटरचे. वजन वाढते ते या काचेमुळे. ग्राहक जादा पैसे मोजतो आणि जादा ओझे वाहतो, ते केवळ दूरचे पाहण्यासाठी. ज्याला दूरचे पाहायचेच नाही, त्याच्यासाठी ती रक्कम अनुत्पादक गुंतवणूक ठरते.

आपल्या वयाच्या मंडळींसाठी याहून महत्त्वाचा एक मुद्दा माहितीपत्रकात सहसा ठळकपणे येत नाही. तो म्हणजे डोळे आणि हात. वरील कॉम्पॅक्टला डोळा लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे 'व्ह्यूफाइंडर' नाही. सारे काही मागच्या पडद्यावर पाहायचे. पडदा पाहायला जवळचा चष्मा लागतो, तर पक्षी शोधायला दूरचा. दुपारच्या उन्हात पडदा काळा दिसतो तो वेगळाच. ब्रिज कॅमेऱ्याला खिडकी असते आणि तिच्याशेजारी एक लहानशी चकती. ती फिरवली, की खिडकीतले दृश्य आपल्या डोळ्यांच्या नंबराला जुळते आणि पुष्कळांना चष्म्याशिवायही स्पष्ट दिसते.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एका स्नेह्यांच्या हाताला गेल्या काही वर्षांपासून कंप आहे. पक्षीनिरीक्षण हा त्यांचा जुना छंद. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते पाहायला आम्ही काही जण गेलो होतो. स्थानिक मच्छीमारांच्या होडीतून जायचे. होडी हलत असल्यामुळे तिथे तिपाईचा उपयोग नाही. कॉम्पॅक्ट कॅमेरा दोन्ही हात पुढे ताणून धरल्यावर त्यांचे प्रत्येक चित्र हलत होते. "आता हे पुरे झाले, यापुढे नुसते डोळ्यांनी पाहीन," असे ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्यांनी आपला ब्रिज कॅमेरा त्यांच्या हाती दिला. खिडकी भुवईला टेकवली, दोन्ही कोपरे बरगड्यांशी दाबली आणि डावा तळवा भिंगाखाली धरला, की कॅमेऱ्याला तीन आधार मिळतात. झूम अर्ध्यावर आणला आणि शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवला. बरीच चित्रे तरीही वाया गेली. पण सात-आठ चित्रांत पंखांची गुलाबी कड स्वच्छ उमटली होती. त्यांचा छंद आजही चालू आहे. दुरून चित्र घेता येत असल्याने पक्ष्यांना उठवावे लागत नाही, त्यांच्या खाण्यापिण्यात व्यत्यय येत नाही, हा लाभही लहान नव्हे.

मात्र पूर्ण झूमचा मोह सदैव पुरवता येत नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून हवा थरथरू लागते आणि दूरचे दृश्य वितळल्यासारखे दिसते. तिथे कोणत्याही किमतीचे भिंग हतबल ठरते. त्यासाठी सकाळी लवकर निघणे, हाच उपाय.

हे सारे वाचून ब्रिजचे पारडे जड वाटेल. परंतु घरातल्या छायाचित्रांचा हिशेब निराळा आहे. माझ्या मातोश्री नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना एका संध्याकाळी ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. शेजारी बसलेल्या पणतीने काहीतरी विचारले आणि त्या खळखळून हसल्या. सौभाग्यवतींच्या पर्समध्ये छोटा कॅमेरा होता. त्यांनी तिथल्या तिथे ते हसू टिपले. मोठा काळा कॅमेरा समोर आला असता, तर आईंनी आधी पदर सारखा केला असता, मग ताठ बसून गंभीर चेहरा केला असता. त्या पिढीची ती रीतच होती. पुढे दीड वर्षाने त्या गेल्या. पुष्कळ घरांत अशा वेळी एखाद्या लग्नातल्या समूहचित्रातून चेहरा कापून तसबीर करावी लागते. आमच्याकडे तसे करावे लागले नाही. भिंतीवरच्या आई आजही मेथीची जुडी हातात घेऊन हसत आहेत. तीनशे ग्रॅमच्या यंत्राने दिलेला हा परतावा कोणत्या व्याजदराने मोजावा?

मंद प्रकाश ही तिसरी कसोटी. वेरूळच्या लेण्यांत आत गेले, की उजेड झपाट्याने कमी होतो. बत्तीसाव्या क्रमांकाच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छताला कोरलेले कमळ टिपायचे असेल, तर तिथे दूरच्या पोहोचेचा उपयोग नाही. आत येणारा प्रकाश जास्तीत जास्त साठवणारा मोठा सेन्सर हवा. संरक्षित स्मारकांत तिपाई वापरायला परवानगी लागते, म्हणून सारा भार कॅमेऱ्यावरच येतो. वर सांगितलेले दोन्ही कॅमेरे इथे सारखेच दुबळे आहेत. सोनी कंपनीच्या 'आरएक्स१००' मालिकेतील कॉम्पॅक्टमध्ये सेन्सरचे क्षेत्रफळ या दोघांच्या सुमारे चौपट असते. २०१९ साली आलेल्या त्याच्या सातव्या आवृत्तीचे वजन ३०२ ग्रॅम आहे आणि त्यात वर उघडणारी छोटी खिडकीही आहे. पण तिची पोहोच २०० मिलिमीटरपर्यंतच. सेन्सर मोठा केला, की झूम आखडतो. दोन्ही हवे असतील, तर २०१७ सालचा 'आरएक्स१० चार' आहे. त्याची पोहोच ६०० पर्यंत. परंतु वजन किलोच्या वर आणि किंमतही त्याला साजेशी. पोहोच, प्रकाश आणि सुटसुटीतपणा या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत पुरेपूर मिळत नाहीत. कशावर पाणी सोडायचे, हे आधी ठरवावे लागते.

खरेदीला जाताना चार गोष्टी अवश्य कराव्यात. कॅमेरा गळ्यात घालून दुकानात दहा मिनिटे उभे राहावे. मान आणि मनगट त्यांचे मत लगेच सांगतात. आपल्या नेहमीच्या चष्म्याने पडदा वाचता येतो का, ते पाहावे. पूर्ण झूमवर हातात धरून समोरच्या दुकानाची पाटी टिपावी आणि अक्षरे मोठी करून तपासावीत. शेवटी दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्याचे एक चित्र घ्यावे. जुना कॅमेरा घेत असाल, तर भिंग आत-बाहेर सरकताना अडखळत नाही ना आणि आत धूळ किंवा बुरशीचे डाग नाहीत ना, हे उजेडात धरून पाहावे. आपल्याकडील पावसाळ्यानंतर ही काळजी विशेष घ्यायला हवी.

थोडक्यात सांगायचे, तर पक्षी, वन्यप्राणी, चंद्र आणि रंगमंच हा ज्यांचा नित्याचा विषय आहे, किंवा ज्यांच्या हाताला आधार हवा आहे, त्यांनी ब्रिज कॅमेरा घ्यावा. ज्यांचा विषय मुख्यतः आपली माणसे, सहली आणि घरचे समारंभ हा आहे, त्यांनी कॉम्पॅक्ट घ्यावा आणि तो कपाटात न ठेवता पिशवीत ठेवावा. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर पहिली मुदत ठेव आहे, दुसरे बचत खाते. यांपैकी काहीही घेतले, तरी दर वर्षअखेरीस निवडक शंभर चित्रांच्या प्रती काढून अल्बममध्ये लावाव्यात आणि प्रत्येक चित्राखाली माणसांची नावे व तारीख लिहावी. ती नावे सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम उरकून घेतलेले बरे.