पगार मोठा की तालीम?

महागडी माणसं गोळा केली की टीम जिंकते का? अप्रेझलच्या दिवसांत कॅन्टीनमध्ये हमखास चघळला जाणारा हा प्रश्न. मला त्याचं सगळ्यात मस्त उत्तर सापडतं ते अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. कारण तिथे आपल्या आयपीएलसारखी खर्चाला मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलात तर जादा कर भरा आणि खुशाल उधळा!

१०३ विरुद्ध १०३

२००२ सालचा सीझन घ्या. न्यूयॉर्क यँकीजचा पगारखर्च साडेबारा कोटी डॉलरच्या आसपास. ओकलंड अॅथलेटिक्सचा जेमतेम चार कोटी. आणि दोघांनी जिंकलेले सामने? प्रत्येकी १०३! ‘मनीबॉल’ सिनेमा पाहिलेल्यांना ही गोष्ट ठाऊक असेल. जनरल मॅनेजर बिली बीन, त्याची आकडेमोड आणि इतरांनी नाकारलेले स्वस्तातले खेळाडू.

पण खरी गंमत मला वेगळीकडेच दिसते. हडसन, मल्डर, झिटो हे तीन हुकमी पिचर आणि शॉर्टस्टॉप तेहादा हे चौघंही ओकलंडनेच खालच्या लीगमध्ये घडवलेले. त्या वर्षी झिटो लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला आणि तेहादा सर्वोत्तम खेळाडू!

मग ते परवडले कसे? मेजर लीगमध्ये आल्यावर खेळाडूवर साधारण सहा वर्षं क्लबचा हक्क असतो. त्यातली पहिली तीनेक वर्षं पगार किमान रकमेच्या आसपास. थोडक्यात, ट्रेनी! मुदत संपली की बाजार खुला. तेहादा २००३ च्या सीझननंतर बाल्टिमोरला गेला. झिटोला २००६ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोने सात वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलर दिले. घडवलं ओकलंडने, नेलं दुसऱ्यांनी. बीनच्या त्या गाजलेल्या टीमला वर्ल्ड सिरीज कधीच जिंकता आली नाही.

मग पैसाच बॉस?

तसंही नाही! २०२३ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने पगारावर ३३ कोटी डॉलरच्या वर ओतले. निकाल? ७५ विजय, ८७ पराभव आणि प्लेऑफच्या आधीच घरी.

आता लॉस एंजेलिस डॉजर्स पाहा. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज. ओहतानीचा ७० कोटींचा करार सगळ्यांना पाठ आहे. पण २०२५ च्या सातव्या, निर्णायक सामन्यात अकराव्या इनिंगला आघाडीचा होमरन मारला विल स्मिथने. त्याला क्लबने २०१६ मध्ये कॉलेजमधून उचलून घडवलं होतं. शेवटचे बळी मिळवले ते यामामोतोने, ३२.५ कोटींना आणलेल्या पिचरने. एक घरचा, एक बाजारातला.

माझ्या मते हिशेब सोपा आहे: तालीम टीम उभी करते, पैसा ती टिकवतो. नुसता पैसा असला तर मेट्स, नुसती तालीम असली तर ओकलंड.

तेव्हा पुढच्या वेळी घसघशीत पॅकेजची ऑफर आली, तर आकड्यासोबत एवढंही विचारा: हे लोक मला घडवणार आहेत, की नुसतं विकत घेताहेत?